दोन तुकड्यांमधला अर्थ : आरंभीच्या रशियन चित्रपटातील संकलनविचार



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावे चित्रपटावर बोलणे हा थोडा आगाऊपणाच आहे. चित्रपट पाहणाऱ्या मुलांविषयी सरांचे मत फारसे बरे नव्हते. ते आम्हांला मराठी व्याकरण आणि संस्कृत शिकवीत. इंदूरच्या आम्हां मुलांची भाषा घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि खेळाच्या मैदानावर थोडी माळवी अशी. त्यामुळे शब्द कोठे जोडावा आणि कोठे तोडावा याविषयी सर विशेष दक्ष असत. एकदा बहुव्रीही समास शिकवताना त्यांनी फळ्यावर ‘नीलकंठ’ हा शब्द लिहिला आणि मला उभे केले. ‘यात निळा हा मुख्य नाही, कंठही मुख्य नाही. शब्द बोट दाखवतो ते तिसऱ्याच कोणाकडे. हा तिसरा कोठून आला?’ मला उत्तर देता आले नाही. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकण्यास गेलो आणि तेथे, एका लहानशा पडद्यासमोर, सरांचा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. रशियातल्या काही तरुणांनी १९२०च्या दशकात आपापसांत कडाडून भांडत या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. त्यांच्याविषयी आज बोलणार आहे.

संकलन म्हणजे कापणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. नको असलेला भाग काढून टाकणारा तो संकलक. रशियनांनी मात्र या कामाला फ्रेंच भाषेतला ‘मोंताज’ हा शब्द घेतला. कारखान्यात यंत्राचे सुटे भाग बसवून यंत्र उभे करणे यालाही तोच शब्द आहे. शब्दाच्या निवडीतच दृष्टी दिसते. कात्री ही केवळ पूर्वतयारी. काम आहे ते जुळणीचे.

या विचाराचा पहिला मानकरी लेव कुलेशोव्ह. जन्म १८९९, गाव तांबोव्ह. क्रांतीपूर्वीच्या रशियात येव्गेनी बाउअर नावाचा मोठा कुशल दिग्दर्शक होता; त्याच्या हाताखाली हा मुलगा नेपथ्यकार म्हणून लागला. बाउअर १९१७ साली वारला. त्याच्या चित्रपटांतली दालने, खांब, पडदे, प्रकाश यांची रचना आजही थक्क करते. पण तिथला कॅमेरा संथपणे पाहत राहतो. कुलेशोव्ह मॉस्कोच्या स्वस्त चित्रपटगृहांत जाऊन बसे आणि पडद्यापेक्षा प्रेक्षकांकडे अधिक पाही. त्याच्या ध्यानात आले की रशियन चित्रपटाला लोक शांत बसतात आणि अमेरिकन चित्रपट लागला की टाळ्या, आरोळ्या, शिट्ट्या सुरू होतात. त्याने शॉट मोजले. अमेरिकन चित्रपटात तुकडे लहान आणि पुष्कळ, रशियन चित्रपटात थोडे आणि लांबलचक. तेव्हा प्रभावाचे गुपित तुकड्यात नसून तुकड्यांच्या क्रमात असले पाहिजे, असा तर्क त्याने विशीही उलटण्यापूर्वी बांधला. एखाद्या सिद्धान्ताचा उगम पिटातल्या शिट्ट्यांत असावा, ही गोष्ट मला फार आवडते.

मग क्रांती झाली, यादवी युद्ध सुरू झाले. २७ ऑगस्ट १९१९ रोजी लेनिनच्या सहीने चित्रपट-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी मॉस्कोत शासकीय चित्रपट-शाळा निघाली. परंतु शाळेत शिकवायचे कशावर? कोरी फिल्म परदेशातून येई, ती बंद झालेली. जुने निर्माते होता नव्हता तो साठा घेऊन दक्षिणेकडे आणि तेथून युरोपात गेलेले. कुलेशोव्हने आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘फिल्मविना चित्रपट’ करवून घेतले. नट अभिनय करीत, प्रसंगाचे तुकडे पाडले जात, जणू कॅमेरा समोर आहे अशा बेताने सारे चाले. फक्त कॅमेऱ्यात फिल्म नसे. जोडीला जुन्या चित्रपटांचे पडून राहिलेले तुकडे होते, आणि १९१९ साली रशियात दाखवला गेलेला ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ होता. चार वेगवेगळ्या शतकांतल्या कथा एकमेकींत गुंफणारा तो चित्रपट या मुलांचा जणू पाठ्यग्रंथ झाला. नवे चित्रण करणे शक्य नसेल तर हाताशी असलेलेच पुन्हा पुन्हा जोडून पाहावे लागते. ददात होती म्हणूनच जोडणीकडे इतके एकाग्र लक्ष गेले, असे मी मानतो.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपल्यापैकी काहींनी ऐकला असेल. इव्हान मोझ्झुखिन हा क्रांतीपूर्व रशियाचा लाडका नट. तो १९२० साली देश सोडून गेला. त्याचा चेहरा मात्र जुन्या फिल्मवर मागे उरला. कुलेशोव्हने त्याचे एक भावहीन समीपदृश्य घेतले आणि तेच तीनदा वापरले. एकदा त्याच्यालगत सूपाची बशी जोडली, एकदा शवपेटीतली मृत स्त्री, एकदा खेळणारे मूल. प्रेक्षकांनी नटाची वाहवा केली : काय ती भूक, काय तो शोक, काय ते वात्सल्य! चेहरा तर एकच होता. ही हकीकत जगाला कळली ती मुख्यत्वे कुलेशोव्हचा विद्यार्थी पुदोव्हकिन याच्या लेखणीतून. स्वतः कुलेशोव्हच्या आठवणीत तपशील थोडे निराळे आहेत आणि ती फिल्म आज उपलब्ध नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा प्रेक्षकांना असे काही वाटल्याचे दिसले नाही. २००६ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने, मेंदूच्या प्रतिमा घेऊन, तोच विषय हाताळला; तेव्हा लगतच्या चित्राने चेहऱ्याचा अर्थ बदलतो असे आढळले. तेव्हा ही दंतकथा शब्दशः घेऊ नये. परंतु संकलनाच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही तिच्यातला गाभा खोटा म्हणता येणार नाही. मी तर म्हणूच शकत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

दुसरा प्रयोग भूगोलाचा. मॉस्कोत एक पुरुष एका रस्त्याने येतो, स्त्री दुसऱ्या रस्त्याने येते. दोघे गोगोलच्या पुतळ्याजवळ भेटतात, हात मिळवतात आणि एका दिशेला पाहतात. पुढचा तुकडा एका अमेरिकन चित्रपटातून उचललेला : वॉशिंग्टनचे व्हाइट हाउस. त्यापुढे दोघे एका भव्य इमारतीच्या पायऱ्या चढतात; त्या पायऱ्या मॉस्कोतल्याच एका चर्चच्या. प्रेक्षकाच्या मनात मात्र एकच सलग गाव उभे राहते, जे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. ‘निर्मित भूगोल’ असे त्याला नाव पडले. तसेच निरनिराळ्या स्त्रियांचे ओठ, डोळे, हात, पाठ यांची दृश्ये जोडून त्याने एक ‘निर्मित स्त्री’ही केली. पडद्यावर ती एकच होती आणि जगात ती नव्हतीच.

आता माझी गोष्ट. १९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या मदतकार्यावर एक अनुबोधपट निघाला. तो कोणी काढला हे महत्त्वाचे नाही. संकलन माझ्याकडे होते. शिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते. डब्यांत रखरखीत माळ होते, खडी फोडणाऱ्या स्त्रिया होत्या, घमेली होती, सुकडीचे वाटप होते. त्यांत एका बाईचे समीपदृश्य निघाले. चार सेकंद, म्हणजे ९६ चौकटी. पदर डोक्यावर, ओठ किंचित विलग, नजर चौकटीबाहेर कोठेतरी खिळलेली. मी तो तुकडा सुकडीच्या वाटपाला जोडला. मुलाच्या ओंजळीत सुकडी पडते, पुढे या माउलीचा चेहरा. खासगी प्रदर्शनात लोकांचे डोळे पाणावले. ‘त्या बाईच्या चेहऱ्यावरची कृतज्ञता सारे काही सांगून जाते,’ असे एक मोठे गृहस्थ म्हणाले आणि मला धन्य वाटले. बाहेर आल्यावर आमच्या छायालेखकाने मला बाजूला घेतले. ते दृश्य सुकडीच्या जागचे नव्हते, त्या गावचेही नव्हते. संध्याकाळी काम सुटल्यावर ती बाई रस्त्याच्या कडेला उभी होती. नवरा पहाटे बैलजोडी विकायला बाजाराला गेला होता, तो अजून परतला नव्हता. ती त्या वाटेकडे पाहत होती. मी निर्माण केलेली कृतज्ञता तिची नव्हतीच. माझ्या हातात आणखी दोन दिवस होते. जोड उकलून तुकडा काढून ठेवणे दहा मिनिटांचे काम होते. मी ते केले नाही, कारण स्तुती झाली होती. चित्रपट तसाच गेला.

कुलेशोव्हचा प्रयोग मी पुस्तकात वाचलेला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. परंतु चेहरा मोझ्झुखिनसारख्या नटाचा असणे आणि वाट पाहणाऱ्या बाईचा असणे, यांतला फरक त्या पुस्तकात नव्हता.

रशियनांकडे परत वळू. व्सेवोलोद पुदोव्हकिन हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. गुरूचा धडा त्याने कथनाच्या कामी लावला. शॉट म्हणजे वीट. विटेवर वीट ठेवीत दिग्दर्शक अर्थ बांधतो आणि प्रेक्षकाच्या मनाला पायरीपायरीने नेतो. गॉर्कीच्या कादंबरीवरून १९२६ साली त्याने केलेल्या ‘मदर’मध्ये तुरुंगातल्या मुलाला सुटकेची बातमी देणारी चिठ्ठी मिळते. त्याचा आनंद दाखवायचा कसा? पुदोव्हकिन नटाला हसायला लावीत नाही. तो अस्वस्थ हात दाखवतो, ओठांचा कोपरा दाखवतो, आणि मग वसंतातला खळाळता ओढा, पाण्यावर नाचणारे ऊन, एक हसणारे मूल. त्याची पुस्तिका १९२९ साली इंग्रजीत आली आणि जगभरच्या होतकरूंनी ती वाचली. १९५०-५१च्या हिवाळ्यात पुदोव्हकिन भारतातही येऊन गेला. कलकत्त्याच्या फिल्म सोसायटीतल्या, सत्यजित राय यांच्यासारख्या तरुणांना त्याच्याशी प्रत्यक्ष बोलता आले. शिक्षक म्हणून तो मला या सर्वांत जवळचा वाटतो. तो विद्यार्थ्याला घाबरवीत नाही.

सर्गेई आयझेनश्टाइन घाबरवतो. १८९८ साली रीगामध्ये जन्मलेला, स्थापत्य-अभियांत्रिकी अर्धवट सोडून नाटकात शिरलेला. १९२३ साली त्याने ‘आकर्षणांचा मोंताज’ हा लेख लिहिला. प्रेक्षकाला धक्का देणारा प्रत्येक घटक, मग तो सर्कशीतली कसरत असो की कानठळ्या बसवणारा आवाज, मोजूनमापून योजावा आणि प्रेक्षकाला ठरलेल्या निष्कर्षावर आणावे, असा त्याचा आशय. १९२५च्या ‘स्ट्राइक’मध्ये संपकऱ्यांच्या कत्तलीच्या मध्ये त्याने कसाईखान्यातला बैल कापण्याचे दृश्य घातले. पुदोव्हकिनच्या विटांना त्याने साफ नकार दिला. त्याच्या मते दोन शॉट एकमेकांना जोडले जात नाहीत, ते एकमेकांवर आदळतात, आणि मोटारीच्या इंजिनातल्या लहान लहान स्फोटांप्रमाणे त्या आघातांनी चित्रपट पुढे ढकलला जातो.

‘बॅटलशिप पोटेम्किन’ २१ डिसेंबर १९२५ रोजी मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात प्रथम दाखवला गेला. ओडेसाच्या जिन्यावरचा प्रसंग आपण थोड्या वेळाने पाहणारच आहोत, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. त्या जिन्यावर असे हत्याकांड इतिहासात घडले नव्हते. १९०५ साली ओडेसा शहरात माणसे मारली गेली हे खरे; परंतु जिना ही आयझेनश्टाइनची निवड. आज लोक ओडेसाला जाऊन, येथेच ती कत्तल झाली असे म्हणत त्या पायऱ्या पाहतात. कुलेशोव्हने भूगोल निर्माण केला होता, शिष्याने इतिहास निर्माण केला. दुसरी गोष्ट संगमरवरी सिंहांची. युद्धनौकेने तोफ डागताच झोपलेला सिंह जागा होतो आणि उठून उभा राहतो. वस्तुतः क्रिमियातल्या अलुप्का येथील राजवाड्याच्या जिन्यावरचे ते तीन वेगवेगळे पुतळे आहेत : एक निजलेला, एक जागा होणारा, एक उठलेला. तीन निश्चल दगडांतून एक उठणारा सिंह. येथे मला सर आठवले.

१९२९ साली जपानी चित्रपटावरील एका पुस्तकाला उपसंहार लिहिताना आयझेनश्टाइन जपानी चित्रलिपीकडे वळला. डोळा आणि पाणी मिळून रडणे. दार आणि कान मिळून ऐकणे. तोंड आणि पक्षी मिळून गाणे. दोन्ही चिन्हे दाखवता येण्याजोग्या वस्तूंची, आणि त्यांच्या संयोगातून उमटते ती दाखवता न येणारी कल्पना. हाच मोंताज, असे त्याचे प्रतिपादन. हा लेख मी प्रथम वाचला तेव्हा मनात आले, याला जपानपर्यंत जाण्याचे कारण काय? पुदोव्हकिनचा जोड ‘आईवडील’ या द्वंद्वासारखा, दोन्ही पदे आपापल्या जागी शाबूत. आयझेनश्टाइनचा जोड मात्र ‘नीलकंठ’. दोन्ही पदे मागे सरतात आणि तिसराच पुढे येतो.

पण उपमा ताणू नये, हेही सरांनीच शिकवले. ‘नीलकंठ’ म्हटल्यावर शंकरच आठवतो, कारण तशी परंपरा आहे, पुराण आहे, ऐकणाऱ्यांची संमती आहे. दोन शॉटच्या मागे असे पुराण नसते. आयझेनश्टाइनलाही लिपीचे उदाहरण पुरते साधलेले नाही. अशा बहुसंख्य चिन्हांत एक भाग केवळ उच्चार सुचवतो, आणि ‘ऐकणे’ या चिन्हातले दार नेमके तसेच, उच्चारापुरते आहे. ‘ऑक्टोबर’ या चित्रपटात त्याने देवांच्या मूर्तींची एक मालिका लावली. ख्रिस्तापासून सुरुवात करून नाना धर्मांच्या मूर्तींमधून ती एका ओबडधोबड लाकडी मूर्तीपाशी येते. देव या कल्पनेचाच फोलपणा प्रेक्षकाच्या बुद्धीला पटावा, हा हेतू. अनेक प्रेक्षकांना ते केवळ मूर्तींचे प्रदर्शन वाटले. त्याच्या ‘बौद्धिक मोंताज’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, मला ती मालिका आजही कोड्यासारखी वाटते, कवितेसारखी नाही.

या तिघांहून वेगळ्या वाटेने जाणारा झिगा व्हेर्तोव्ह. त्याला नट नको, कथा नको, नेपथ्य नको. हवे ते बेसावध पकडलेले जीवन. १९२२ ते १९२५ या काळात त्याने ‘किनो-प्राव्दा’ या वृत्तपटाचे २३ अंक काढले. आयझेनश्टाइनने त्याला टोला दिला की आम्हांला ‘चित्र-डोळा’ नको, ‘चित्र-मूठ’ हवी. व्हेर्तोव्हचा १९२९चा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ पाहताना मला मात्र एका जागी नेहमी थांबावेसे वाटते. धावता घोडा एकाएकी थिजतो. मग हलते चित्र जाऊन हातात धरलेली फिल्मची पट्टी दिसते आणि टेबलाशी बसलेली एक स्त्री ती तपासत, कापत, लावत असते. ती येलिझाव्हेता स्विलोव्हा, या चित्रपटाची संकलक आणि व्हेर्तोव्हची पत्नी. जोडणारा हात जोडलेल्या चित्रातच दाखवून टाकणे हा प्रामाणिकपणा त्या काळी दुर्मीळ होता, आजही आहे.

संकलनाच्या खोल्यांत तेव्हा स्त्रियाच पुष्कळ असत आणि सिद्धान्ताचे लेख बहुधा पुरुषांच्या नावे निघत. एस्फिर शुबचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो. परदेशी चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांना योग्य व्हावेत म्हणून पुन्हा कापूनजोडून देणे, ही तिची नोकरी. फ्रिट्झ लांगच्या ‘डॉक्टर माबुझे’ची अशी पुनर्रचना ती करीत असताना आयझेनश्टाइन तिच्याशेजारी बसून शिकला. १९२७ साली तिने ‘रोमानोव्ह घराण्याचा अस्त’ हा चित्रपट केला तो जुन्या फिल्मच्या ढिगाऱ्यातून. त्यासाठी तिने सुमारे ६० हजार मीटर फिल्म पाहिली. त्यांत खुद्द झारच्या दरबारी छायालेखकांनी राजघराण्याच्या कौतुकासाठी घेतलेली दृश्येही होती. जहाजाच्या डेकवर सरदार आणि त्यांच्या स्त्रिया नाचत आहेत, दमून घाम टिपत आहेत. आणि लगेच, घाम गाळीत जमीन खणणारे मजूर. शुबने जुन्या फिल्मच्या तुकड्यांतूनच गौरवाचे आरोपपत्र केले. मात्र तिचे तुकडे लांब आहेत. आयझेनश्टाइनसारखी ती प्रेक्षकाला धक्क्यात ठेवीत नाही. त्या चेहऱ्यांकडे नीट पाहायला वेळ देते. माझ्या ९६ चौकटींचा विचार मनात येतो तेव्हा मी हा चित्रपट पुन्हा पाहतो.

१९२८ साली आयझेनश्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी ध्वनीविषयी एक निवेदन काढले : आवाज चित्राची री ओढणारा नसावा, चित्राशी विसंवाद साधणारा असावा. हे त्यांच्या देशात बोलपट सुरू होण्याआधीचे. पण तोवर वारे फिरले होते.

जी कात्री या मंडळींनी इतकी सूक्ष्म केली, तीच आता दुसऱ्यांच्या हाती गेली. ‘ऑक्टोबर’ क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी चालला होता. नेमक्या त्याच सुमारास, नोव्हेंबर १९२७मध्ये, ट्रॉट्स्कीची पक्षातून हकालपट्टी झाली आणि चित्रपटातून त्याची दृश्ये काढावी लागली. चेहरा गाळल्यानेही अर्थ बदलतो, हे कुलेशोव्हच्या प्रयोगात नव्हते. पुढे मोंताजवर आकारवादाचा शिक्का बसला. व्हेर्तोव्ह हळूहळू साध्या वृत्तपटांपुरता उरला आणि १९५४ साली वारला. त्याची टिपणे आणि कागद स्विलोव्हाने जपले. कुलेशोव्ह शिकवत राहिला, १९७०पर्यंत जगला. आयझेनश्टाइनचा ‘बेझिन कुरण’ हा चित्रपट मार्च १९३७मध्ये वरून हुकूम येऊन थांबवला गेला. त्याला जाहीर आत्मनिंदा लिहून द्यावी लागली. चित्रपटाची फिल्म नष्ट झाली. परंतु संकलनाच्या टेबलावर प्रत्येक शॉटमधल्या एकदोन चौकटी कापून ठेवल्या गेल्या होत्या आणि त्याच्या पत्नीने, पेरा अताशेवाने, त्या सांभाळल्या. १९६७ साली युत्केविच आणि क्लायमन यांनी त्या स्थिर चौकटी क्रमाने लावून सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट उभा केला. त्यात काहीही हलत नाही. एक मुलगा, एक म्हातारा, फुललेली फांदी, धूर. आणि प्रत्येक चौकटीवर आपण थोडे रेंगाळतो, कारण हालचाल हिरावून घेतल्यावर उरला आहे तो केवळ क्रम.

माझी वेळ संपली आहे. मुख्याध्यापकांनी प्रोजेक्टरची व्यवस्था केली आहे. दिवे मालवल्यावर ओडेसाच्या जिन्याचा प्रसंग दाखवला जाईल. मागच्या बाकांवरच्या विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. शेवटाकडे एक कोसॅक तलवार उगारतो आणि लगेच चष्म्यावाल्या बाईचा रक्ताळलेला डोळा दिसतो. तलवार तिच्या चेहऱ्याला कोणत्या चौकटीत लागते, ते शोधून मला सांगा. मी बाहेर व्हरांड्यात थांबलेला असेन.